वळिवडे ते सुदान : आश्रयाचा ताळेबंद

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त चिंचोळी औद्योगिक वसाहतीत झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



कापडाच्या धंद्यातील माणसाला गांधीनगर या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. कोल्हापूरजवळची ती घाऊक बाजारपेठ. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि उत्तर कर्नाटक येथील लहानमोठे दुकानदार दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईच्या तोंडावर तेथे जाऊन ठाणांची निवड करतात, गठ्ठे बांधून घेतात आणि रात्रीच्या गाडीने परततात. ज्या जमिनीवर उभे राहून ते भाव करतात, त्या जमिनीवर ऐंशी वर्षांपूर्वी काय होते, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करीत असेल.

तेथे निर्वासितांची छावणी होती. एकदा नव्हे, लागोपाठ दोन वेळा. पहिल्या वेळी आलेले लोक युरोपातील पोलंड देशाचे होते, दुसऱ्या वेळी आलेले सिंध प्रांतातील. दोन्ही वेळी आलेल्यांच्या हाती गाठोड्यापलीकडे फारसे काही नव्हते. आफ्रिकेतील यादवी युद्धे, तेथील निर्वासितांच्या छावण्या आणि त्या छावण्यांत पसरणारे रोग यांच्या बातम्या आज आपण वाचतो आणि पान उलटतो. ते पान उलटण्यापूर्वी आपल्याच मुलखातील या जुन्या छावणीचा जमाखर्च एकदा तपासून पाहावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

गाठोडे घेऊन निघालेली माणसे

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर आक्रमण केले. १७ सप्टेंबरला रशियाचे सैन्य पूर्वेकडून आत शिरले. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्व भागातील पोलिश कुटुंबे रशियाने उचलून दूर पाठविण्यास सुरुवात केली. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री पहिली मोठी हकालपट्टी झाली. दारावर थाप पडली, थोड्या वेळात सामान बांधण्याचा हुकूम मिळाला आणि बायका-मुले, म्हातारे-कोतारे गुरांच्या डब्यात कोंबले गेले. लाखो माणसे सैबेरियाच्या जंगलात आणि कझाकस्तानच्या माळावर पोहोचली. तेथे लाकूडतोड, शेतमजुरी, कडाक्याची थंडी आणि मोजून मिळणारा पाव. घरातील कर्ता पुरुष अनेकदा आधीच तुरुंगात किंवा युद्धात गेलेला असे.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा राजकारणाचा काटा फिरला. रशिया आणि लंडनमधील पोलिश सरकार यांच्यात करार झाला, बंदिवासातील पोलिश लोकांची सुटका झाली आणि जनरल आंडर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. हे सैन्य जेथे जमत होते तेथे जगण्याच्या आशेने बायका-मुलेही धावली. १९४२ साली सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली.

त्या बंदरावर जे घडले ते कापडाशी संबंधित आहे, म्हणून येथे सांगण्यासारखे आहे. या लोकांत टायफस नावाचा ताप पसरला होता. हा रोग अंगावरील उवांमुळे पसरतो, आणि त्या उवा अंडी घालतात त्या कपड्याच्या शिवणीत व घडीत. वर्षानुवर्षे बदललेला नाही असा एकच कपडा, तोच पांघरायला, तोच उशाला. मग रोगाला दुसरे वाहन कशाला हवे? पहलवीच्या किनाऱ्यावर आजारी आणि निरोगी यांचे भाग वेगळे करण्यात आले. आलेल्यांचे केस कापण्यात आले, त्यांना स्नान घालण्यात आले, अंगावरचे कपडे जाळण्यात आले आणि नवे कपडे देण्यात आले. काही माणसे येथपर्यंत पोहोचूनही वाचली नाहीत. उपासाने आक्रसलेल्या पोटाला एकदम मिळालेले जड अन्न सोसले नाही, तर काहींना तापाने व हगवणीने नेले. युद्धातून सुटलेल्या माणसाचा दुसरा शत्रू रोग असतो, आणि तो बहुधा छावणीच्या दारातच उभा असतो, हे तेथे दिसून आले.

पंचगंगेच्या काठी

इतक्या माणसांनी जायचे कोठे? इराणमध्ये त्यांना कायम ठेवता येत नव्हते. अशा वेळी नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे झाले. जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांनी शेकडो पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उभारून दिले. त्यांतील बहुतेक मुले अनाथ होती किंवा आईवडिलांपासून दुरावलेली होती. जामसाहेब स्वतःला त्या मुलांचे 'बापू' म्हणवून घेत. पोलंडची राजधानी वॉर्सा येथे आज 'चांगल्या महाराजांचा चौक' या अर्थाच्या नावाने एक चौक आहे, तो याच जामसाहेबांच्या स्मरणार्थ.

यानंतर मोठ्या छावणीसाठी जागा निवडली गेली ती कोल्हापूर संस्थानातील, पंचगंगेच्या काठावरील वळिवड्याची. हवा सौम्य, नदीचे पाणी जवळ, मिरज-कोल्हापूर लोहमार्ग शेजारून गेलेला. १९४३ मध्ये कराचीमार्गे आलेल्या पोलिश लोकांनी ही छावणी भरू लागली. लोकसंख्या सुमारे पाच हजारांवर गेली. त्यांत स्त्रिया आणि मुलेच अधिक होती, कारण पुरुष सैन्यात होते.

ही छावणी म्हणजे केवळ छपरे टाकून दिलेला निवारा नव्हता. लांब ओळींतील कौलारू बराकींत प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र खोल्या होत्या. रुग्णालय होते, प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, हस्तव्यवसायाचे वर्ग होते, प्रार्थनामंदिर होते, दुकाने होती, बालवीरांची पथके होती, नाटके व गाणीबजावणी होत असे. क्षयाने ग्रासलेल्या किंवा अशक्त झालेल्या रुग्णांसाठी पाचगणीच्या कोरड्या हवेत सोय केलेली होती. पोलिश रेड क्रॉसच्या प्रतिनिधी श्रीमती किरा बानासिन्स्का यांनी या सर्व कामासाठी मोठे परिश्रम घेतले. त्यांचे पती मुंबईत पोलंडचे वाणिज्यदूत होते. छावणीचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारने सोसला. जमीन, पाणी, धान्य, भाजी, मजुरी आणि शेजार मात्र कोल्हापूरच्या मातीने दिला.

आपल्याकडे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. वळिवड्याच्या छावणीत हे चारही एका कुंपणाच्या आत दिसतात. यांपैकी पहिली दोन दाने कोणत्याही छावणीत थोडीफार पोहोचतात. पुढची दोन बहुतेक ठिकाणी राहून जातात. वळिवड्याला मुलांच्या हाती पाटी-पुस्तक आले आणि रात्री दारावर थाप पडणार नाही याची खात्री आयांना मिळाली, म्हणून ती माणसे नुसती जिवंत राहिली नाहीत, सावरली.

येथे एका अवघड प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. ज्या १९४३ साली वळिवड्याची छावणी भरत होती, त्याच साली बंगालात भीषण दुष्काळ पडला होता. त्यात वीस ते तीस लाख माणसे मरण पावली असे मानले जाते. देश पारतंत्र्यात होता. आपली माणसे रस्त्यावर मरत असताना परक्यांना सावली कशासाठी, असे त्या वेळी कोणास वाटले असेल तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु हिशेब नीट मांडला पाहिजे. बंगालातील माणसे वळिवड्याच्या पाच हजारांनी खाल्लेल्या भाकरीमुळे मेली नाहीत. युद्धकाळातील सरकारी धोरण, साठेबाजी, भडकलेले भाव आणि वेळेवर न पोहोचलेले धान्य यांमुळे ती मेली. एका भुकेल्याचे नाव पुढे करून दुसऱ्या भुकेल्यास परत पाठविल्याने पहिल्याच्या ताटात घास पडत नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर चुकीच्या खात्यावर नावे टाकलेली रक्कम ताळेबंदात कधीच जुळत नाही.

परतीचा जमाखर्च

युद्ध संपले, पण वळिवड्याच्या लोकांना घरी परतता आले नाही. त्यांची गावे ज्या पूर्व भागात होती तो भाग रशियाकडेच राहिला. १९४७-४८ मध्ये छावणी उठली. अनेकजण ब्रिटनला गेले, काही पोलंडला परतले, काही ऑस्ट्रेलिया आदी देशांत पांगले, आणि काही गेले पूर्व आफ्रिकेत.

होय, आफ्रिकेत. त्या काळी आजचे टांझानिया, युगांडा, केनिया, झांबिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिका या प्रदेशांत मिळून अठरा हजारांच्या आसपास पोलिश निर्वासितांना वसविण्यात आले होते. टांझानियातील तेंगेरू येथील छावणी वळिवड्याएवढीच मोठी होती. युरोपातील गोरी माणसे युद्ध आणि रोग यांच्या तडाख्यातून जीव वाचवून आफ्रिकेच्या आश्रयाला गेली, ही गोष्ट आज ऐकताना नवल वाटते. निर्वासितपण कोणत्याही एका खंडाच्या कपाळी कायमचे लिहिलेले नाही. ते फिरते आहे. आज ज्याच्या दारात पाहुणा आहे, तो उद्या कोणाच्या दारात उभा असेल हे सांगता येत नाही.

वळिवड्याच्या रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या बांधवांना तेथे जागा मिळाली आणि वस्तीचे नाव गांधीनगर झाले. तिकडे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतही सुमारे एक लाख सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. या लोकांनी सुरुवातीस काय केले? फेरी मारली, कटपीस विकले, थोड्या नफ्यावर भरपूर विक्री केली. भांडवल नव्हते, म्हणून त्यांनी शब्दाला भांडवल केले. पाहता पाहता छावणीची बाजारपेठ झाली. जे एकेकाळी आश्रित होते, त्यांच्या दुकानांत आज आसपासच्या गावांतील कितीतरी माणसे नोकरी करतात, हमाल-टेंपोवाल्यांची चूल पेटते आणि कित्येक गावांतील दुकानदारांना उधारीवर माल मिळतो.

निर्वासिताला दिलेली जागा हे बुडीत कर्ज समजले जाते. गांधीनगरची वही उघडली तर ते भांडवल होते असे दिसते. मात्र परतफेडीच्या अटीवर दिलेला आश्रय हा आश्रय राहत नाही, तो सौदा होतो. वळिवड्याच्या पोलिश लोकांकडून कोल्हापूरला काय मिळणार होते? काहीच नाही. तरीही ती माणसे आयुष्यभर विसरली नाहीत. ब्रिटनमध्ये त्यांनी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना स्थापन केली, आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला, म्हातारपणी नातवंडांचा हात धरून ती वळिवड्याला येत राहिली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या शासनाच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत वळिवड्यातही स्मारकाचे अनावरण झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान वॉर्सा येथे गेले तेव्हा त्यांनी तेथील कोल्हापूर स्मारकास पुष्पांजली वाहिली.

आणि २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, तेव्हा तेथे वैद्यकीचे शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी, ज्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही होती, थंडीत पायपीट करीत शेजारच्या देशांच्या सीमांवर पोहोचले. त्या देशांत पोलंडही होता. तेथे त्यांना ऊब, जेवण आणि मायदेशी परतण्याची विमाने मिळाली. सीमेवर उभ्या असलेल्या मुलांपैकी किती जणांना वळिवडे हे नाव ठाऊक असेल?

पाणी : जीवन आणि मृत्यू

आता रोगाकडे वळू. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सभागृहातील वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल, त्या वर्षी टपालावर पाच पैशांचे 'शरणार्थी सहाय्य' तिकीट जादा लावावे लागे. पेढीवरून बिलाचा लिफाफा निघाला की त्यावर ते छोटे तिकीट चिकटविले जाई. लहान रक्कम, पण देशभरातून गोळा होणारी.

त्या छावण्यांत पटकी पसरली. पटकीच्या रोग्याच्या शरीरातील पाणी आणि क्षार काही तासांत निघून जातात आणि माणूस सुकून मरतो. शिरेतून सलाईन देणे हा तेव्हाचा मान्य उपाय होता. सीमेजवळच्या बनगाव येथे काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडील सलाईनचा साठा संपत आला. रुग्ण जमिनीवर, ओसरीवर, जागा मिळेल तेथे पडलेले. तेव्हा त्यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपे भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच ते पाजण्यास सांगितले. त्या रुग्णालयात आधी शंभरातील तीसजण दगावत होते. हे प्रमाण चारच्याही खाली आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी निर्वासितांच्या छावणीतच जगासमोर सिद्ध झाली. महालनबीस २०२२ साली निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जगातील कोट्यवधी लेकरे ज्यामुळे वाचली, त्या उपायाची सामग्री प्रत्येक स्वयंपाकघरात असते: लिटरभर उकळून गार केलेले पाणी, सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

हे ज्ञान १९७१ मध्ये सिद्ध झाले. तरीही १९९४ साली आफ्रिकेत काय घडले ते पाहा. रवांडा या लहानशा देशात एप्रिल ते जुलै या काळात सुमारे आठ लाख माणसांचा नरसंहार झाला. जुलैच्या मध्यास सत्ता पालटली आणि अवघ्या काही दिवसांत पाच ते आठ लाख लोक सीमा ओलांडून शेजारच्या झाईर देशातील, म्हणजे आजच्या काँगोतील, गोमा या गावी येऊन थडकले. तेथील जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची, काळ्या खडकाची. कुदळ लागत नाही. शौचकूप खणता येईनात, विहिरी खणता येईनात, मृतांसाठी खड्डेही खणता येईनात. पाण्यासाठी जवळचे किवू सरोवर. सर्वजण त्याच्याच काठी, आणि पाणी तेच. पटकी आणि हगवण यांनी पहिल्या महिनाभरात जवळजवळ ५० हजार बळी घेतले. मदत करणारे होते, विमानांतून औषधे येत होती, पण स्वच्छ पाणी वेळेत पोहोचले नाही.

या आघातातून जगभरातील मदतसंस्थांनी धडा घेतला. १९९७ पासून त्यांनी एकत्र बसून किमान मापे ठरविली. छावणीतील प्रत्येक माणसाला दररोज किमान १५ लिटर पाणी मिळावे आणि दर वीस माणसांमागे किमान एक शौचालय असावे, ही त्यांतील दोन. पाणी गाळून आणि उकळून पिण्याची शिकवण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यांना या मापांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की छावणीतील आईजवळ पाणी उकळण्यासाठी सरपणही नसते.

कापसाचा देश

आजचे उदाहरण सुदानचे घेऊ. सोलापूरसारख्या गिरणगावातील जुन्या जाणत्यांना सुदान हे नाव अपरिचित नाही. निळी नाईल आणि पांढरी नाईल या नद्यांमधील गेझिरा नावाच्या सुपीक पट्ट्यात लांब धाग्याचा उत्तम कापूस पिकत असे आणि तो भारतातील गिरण्यांसाठी आयात होत असे. बारीक पोताच्या कापडासाठी तो धागा लागे. आजही मिठाई, औषधे आणि रंगकामात वापरला जाणारा बाभूळवर्गीय झाडांचा डिंक जगाला सर्वाधिक पुरविणारा देश सुदानच आहे.

१५ एप्रिल २०२३ रोजी या देशातील लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात राजधानी खार्टुममध्येच लढाई सुरू झाली. दोन सेनापतींच्या सत्तास्पर्धेत देश भरडला गेला. युद्ध गेझिरातही शिरले. एक कोटीहून अधिक माणसे घरांतून परागंदा झाली. त्यांतील बरीचशी देशातच भटकली, तर लाखो माणसे चाड, इजिप्त, दक्षिण सुदान अशा देशांत गेली. यांपैकी चाड आणि दक्षिण सुदान हे देश स्वतःच अत्यंत गरीब आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफुर प्रांतातील झमझम या छावणीत दुष्काळ असल्याचे जागतिक तज्ज्ञांनी जाहीर केले. त्याच महिन्यात पटकीची साथ जाहीर झाली. पुढे वर्षभरात तिच्या संशयित रुग्णांची संख्या एक लाखावर गेली. पाणी शुद्ध करणारी केंद्रे आणि त्यांना वीज पुरविणारी यंत्रणा हल्ल्यांत निकामी झाली की रोगाला आमंत्रण द्यावे लागत नाही. गोळी एका माणसाला लागते, तुटलेली पाण्याची नळयोजना साऱ्या वस्तीला मारते.

हे युद्ध दूरचे वाटते, पण ते आपल्या शेजारापर्यंत पोहोचले होते. कर्नाटकातील हक्की-पिक्की या भटक्या समाजातील काही कुटुंबे वनौषधी विकण्यासाठी सुदानला गेली होती आणि लढाई सुरू होताच तेथे अडकली. भारत सरकारने 'ऑपरेशन कावेरी' राबवून तीन हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांना परत येण्यासाठी देश होता. सुदानच्या माणसाचे घर जेथे आहे, तेथेच युद्ध आहे.

सोलापूरचे देणे

मग सोलापूरच्या माणसाने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर सोलापूरच्याच एका सुपुत्राने फार पूर्वी दिले आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या त्या देशात कोटणीसांनी जखमी सैनिकांवर आणि ग्रामस्थांवर उपचार केले, तेथेच विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. ज्यांच्याशी रक्ताचे, भाषेचे, धर्माचे नाते नाही त्यांच्यासाठी सोलापूरचा माणूस काय करू शकतो, याचा तो दाखला आहे.

सर्वांना कोटणीस होता येणार नाही, हे खरे. पण वळिवडे उभारणारे तरी सगळे कोठे महात्मे होते? बराकी बांधणारे गवंडी, भाजी पोहोचविणारे शेतकरी, पाव भाजणारे, औषध देणारे, अशा साध्या माणसांनीच ती छावणी चालविली.

ज्या औद्योगिक वसाहतीत आज ही सभा भरली आहे, तिच्या शेजारूनच सोलापूर-पुणे महामार्ग जातो. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत याच रस्त्याने डोक्यावर बोचके आणि कडेवर लेकरू घेऊन चाललेली माणसे आपण पाहिली. ती परदेशी नव्हती, तेथे यादवी युद्ध नव्हते; पण काम गेले, खोली गेली, मागे साथ लागली आणि पुढे गाव शेकडो मैल दूर. त्या दिवसांत कोणी रस्त्यालगत पाण्याचे पिंप ठेवले, कोणी पोळी-भाजीची पाकिटे वाटली, कोणी चपलांचे जोड आणून दिले. कोणी दार लावूनही घेतले, कारण रोगाची भीती खरी होती. दार लावणाऱ्याला दूषण देण्यात अर्थ नाही. भीती असतानाही मदत कशी करावी, हे आधी शिकून ठेवले तर पुढच्या वेळी दार लावावे लागणार नाही. आजाऱ्याला वेगळे ठेवणे म्हणजे त्याला हाकलून देणे नव्हे, हे पहलवीच्या किनाऱ्यावरील लोकांना १९४२ साली कळले होते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही साध्या गोष्टी समाजापुढे ठेवाव्याशा वाटतात. पहिली, कारखान्यांत काम करण्यास परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या वस्तीत पिण्याचे पाणी व शौचालये पुरेशी आहेत का, हे प्रत्येक उद्योजकाने वर्षातून एकदा स्वतः जाऊन पाहावे. दुसरी, त्यांच्या मुलांचा शाळाप्रवेश कागदपत्रांसाठी अडत असेल तर समाजातील सुशिक्षित तरुणांनी अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे. तिसरी, जलसंजीवनी घरी कशी करावी हे आपल्या प्रत्येक आरोग्य शिबिरात दाखविले जावे. चौथी, दूरच्या छावण्यांसाठी मदत द्यायची झाल्यास ती जुने, फाटके, बिनकामाचे कपडे काढून टाकण्याची संधी मानू नये. कापडाचा व्यापारी हे निश्चित सांगू शकतो की ज्या मालाला आपल्या दुकानात गिऱ्हाईक नाही, तो माल दानातही चालत नाही. पाणी आणि औषध पुरविणाऱ्या विश्वासू संस्थेस रोख रक्कम द्यावी आणि तिच्याकडून हिशेब मागावा.

आणि शेवटची गोष्ट. पुढच्या खेपेस कोल्हापूरला किंवा गांधीनगरला खरेदीसाठी जाणे झाले, तर माल बांधून होईपर्यंत अर्धा तास काढावा आणि मुलांना घेऊन महावीर उद्यानातील तो स्तंभ पाहून यावा. त्यांना सांगावे की येथे एकेकाळी दूरदेशीच्या आया आपल्या लेकरांना घेऊन आल्या होत्या, त्यांना कोणी तुमचा धर्म कोणता असे विचारले नाही, आणि ती लेकरे म्हातारी होईपर्यंत या मातीला विसरली नाहीत. मुले ऐकतील. उद्या त्यांच्या दारात कोणी गाठोडे घेऊन उभे राहिले, तर काय करायचे ते त्यांना विचारावे लागणार नाही.